पक्षिनिरीक्षणाचा छंद आयुष्यभर जोपासलेल्यांना एक प्रश्न

प्रश्न : इंदिरानगरवासी

सर्वांना नमस्कार. मी नाशिकमध्ये इंदिरानगर भागात राहतो आणि एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्यासोबत नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलो असता दुर्बिणीतून पहिल्यांदा चित्रबलाक पाहिला आणि तेव्हापासून पक्षिनिरीक्षणाची गोडी लागली. सुरुवातीच्या हिवाळ्यांत जवळजवळ प्रत्येक फेरीत एखादा नवा पक्षी दिसे, आणि घरी आल्यावर त्याचे वर्णन पुस्तकाशी ताडून पाहण्यात सुट्टीचा उरलेला दिवस आनंदात जाई. थापट्या, तलवार बदक, दलदली भोवत्या, चमचा, शंकर, गप्पीदास अशी माझी यादी वाढत गेली.

गेल्या वर्षापासून मात्र यादीत फारशी भर पडत नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या नेहरू वनोद्यानात गेलो की तेच बुलबुल, तेच दयाळ, तेच वेडे राघू दिसतात आणि हळूहळू माझे जाणेच कमी झाले आहे. नवा पक्षी पाहायचा तर लांबचा प्रवास करावा लागतो, आणि तो नोकरी व संसार सांभाळून वारंवार शक्य नाही. माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि तिला या विषयात थोडी रुची वाटू लागली आहे. त्यामुळे हा छंद माझ्याकडून सुटू नये असे मला मनापासून वाटते.

या मंचावर तीस-चाळीस वर्षे पक्षी पाहणारी मंडळी आहेत. ओळखीचे पक्षी पाहून झाल्यावर आपण या छंदात काय करता? नोकरी, घर, वय, आजारपण या सगळ्यांतून तो कसा टिकला? कृपया स्वतःच्या अनुभवावरून सांगावे.

उत्तर : गोदाकाठ

सर, आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण बहुतेक लोक या टप्प्यावर कोणालाही न विचारता दुर्बीण कपाटात ठेवून देतात. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. नोकरीमुळे निफाड, येवला आणि वैजापूर या भागात माझी बरीच वर्षे गेली, आणि नांदूरमध्यमेश्वरचे पाणी मी आधी कामासाठी आणि नंतर पक्ष्यांसाठी पाहिले. माझे अनुभवाचे मत असे की, 'हा कोणता पक्षी?' या एकाच प्रश्नावर हा छंद फार वर्षे चालत नाही. तो पुढे चालतो तो 'हा येथे काय करतो आहे, केव्हा आला, किती आहेत आणि याच जागी का?' या प्रश्नांवर. एकच जागा वर्षानुवर्षे पाहिल्याशिवाय हे प्रश्न सुचतही नाहीत.

नांदूरमध्यमेश्वरचेच उदाहरण घ्या. तेथील बंधारा पक्ष्यांसाठी बांधलेला नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी, ब्रिटिश काळात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी कालव्यांना पाणी देण्यासाठी तो उभा राहिला. पुढील दशकांत दोन्ही नद्यांनी वाहून आणलेला गाळ फुगवट्यात साचत गेला, उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पती तयार झाल्या आणि मग पक्षी आले. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि २०१९ साली रामसर या आंतरराष्ट्रीय करारातील पाणथळ जागांच्या यादीत महाराष्ट्रातून सर्वप्रथम त्याची नोंद झाली. अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी तेथे नोंदले गेले आहेत, परंतु केवळ त्या आकड्यामागे लागलो तर तेथील खरी घडामोड हातून निसटते.

ती घडामोड पाण्याच्या पातळीत आहे. गंगापूर आणि दारणा धरणांतून सिंचनाचे आवर्तन सुटले की फुगवटा भरतो, आणि कालव्यात पाणी गेले की उतरतो. पातळी हातभर उतरली तरी एवढी चिखलाची पट्टी उघडी पडते की काल जेथे वारकरी पोहत होते तेथे आज तुतवार आणि शेकाट्या चालत असतात. थापट्या बदकांचा थवा उथळ पाण्यात गोल गोल फिरत तळातील खाद्य वर आणतो आणि रुंद चोचीने पाणी गाळून ते टिपतो. चमचा पक्षी अर्धवट उघडी चोच डावी-उजवीकडे झाडत चालतो आणि चोचीला काही लागताच ती मिटतो. चित्रबलाकही गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा स्पर्शावर अधिक विसंबतो. त्यामुळे किती खोलीला कोण उभा आहे हे पाहिले की पक्ष्यांवरून पाण्याचा तळ कळू लागतो. आपण भूगोल शिकवता, म्हणून हा भाग आपल्याला विशेष आवडेल असे वाटते. पुढे उन्हाळ्याकडे पाणी आणखी ओसरले की काठचे शेतकरी गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, करतात आणि त्या ओल्या शेतांत धोबी, तीरचिमण्या आणि शराटी उतरतात.

पावसाळ्यात बहुतेक निरीक्षक अभयारण्याकडे फिरकत नाहीत, कारण उत्तरेकडील बदके नसतात. माझ्या मते तो काळ सर्वांत समृद्ध असतो. कमळपक्ष्याची लांब शेपटी त्याच वेळी आलेली असते. त्याची मादी एकाच हंगामात अनेक नरांबरोबर जोडी जमवते, आणि तरंगत्या वनस्पतींवरील अंडी उबवणे व पिलांना सांभाळणे ही सगळी कामे नर करतो. एका नराला अंड्यांवर बसलेला पाहून त्याच्या पिलांपर्यंतचा काळ आपण काठावरून अंतर राखून पाहिलात तर मनात 'तोच तो पक्षी' असा शब्द पुन्हा येणार नाही.

टिकण्याचे म्हणाल तर मला वहीने टिकवले. तारीख, वेळ, ठिकाण, आभाळ, पाण्याची पातळी, जाती आणि अंदाजे संख्या, आणि एक तरी वाक्य वागण्याविषयी, एवढेच मी लिहितो. बदलीच्या काळात, घरी आजारपण असताना मी फक्त अंगणातील पक्षी लिहिले, पण लिहिणे सुटू दिले नाही. आज जुन्या वह्या उघडल्यावर भिवई बदके कोणत्या साली ऑगस्टअखेरच आली होती आणि कोणत्या साली उशिरा आली, हे मला सांगता येते. कोणी विचारो वा न विचारो, ही माहिती माझ्याजवळ आहे याचे मला अतिशय समाधान आहे.

उत्तर : निफाड तालुक्यातील शेतकरी

गोदाकाठ काकांनी सांगितले ते पटले. मी स्त्री आहे, शेती करते, आणि पक्षी पाहण्यासाठी वेगळा वेळ काढणे मला कधीच शक्य झाले नाही. म्हणून कामाच्या जागीच मी पक्षी पाहिले, आणि सरांच्या प्रश्नाला माझे उत्तर तेच आहे. नवे ठिकाण शोधण्यापेक्षा रोज जेथे जाता तेथे पाहायला शिका.

आमच्या विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर दरवर्षी पावसाळ्यात सुगरणींची वसाहत होते. नर घरटे अर्धे विणतो आणि त्याला लोंबकळून पंख फडफडवत मादीला बोलावतो. मादी येते, आत शिरून पाहते, आणि पसंत पडले तरच नर पुढची नळी पूर्ण करतो. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. एका नराच्या एकाहून अधिक माद्या असू शकतात. हे सगळे मी निंदणी करताना, पाणी भरताना पाहिले. सुगरणीचे हे जीवन पहिल्यांदा नीट उलगडून दाखवणाऱ्यांत पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली होते. १९३० च्या सुमारास, हाताला नोकरी नसताना, अलिबागजवळच्या किहीम गावी घराजवळच्या वसाहतीचे त्यांनी महिनोन्महिने निरीक्षण केले. गावोगावी दिसणाऱ्या पक्ष्यात एवढे पाहण्यासारखे होते, हे सरांनी अवश्य लक्षात घ्यावे.

टिटवीविषयीही लिहिते. आमच्याकडे जुनी माणसे सांगतात की टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त होतो आणि खोलगट जागी घातली तर कमी. मी बरीच वर्षे तिच्या अंड्यांची जागा आणि त्या वर्षीचा पाऊस लिहून ठेवते आहे, आणि मला तसा मेळ दिसलेला नाही. मात्र या निमित्ताने मला एक गोष्ट पाहायला मिळाली. कडक उन्हात टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांना गारवा देते. नांगरटीच्या वेळी घरटे दिसले तर आम्ही त्या ठिकाणी काठी रोवतो आणि तेवढा तुकडा सोडून ट्रॅक्टर वळवतो.

द्राक्षांचे पक्षी नुकसान करतात, हेही खरे आहे. मणी गोड होऊ लागले की बुलबुल, साळुंक्या आणि भोरड्यांचे थवे बागेवर येतात. जाळी लावावीच लागते, परंतु ती सैल सोडली तर पक्षी तिच्यात अडकून मरतात, आणि ताणून, कडा जमिनीपर्यंत बांधून लावली तर अडकत नाहीत. रोज सकाळी एकदा जाळीभोवती फेरी मारावी आणि अडकलेला पक्षी तत्काळ सोडवावा. उंदरांचा बंदोबस्त पिंगळा आणि गव्हाणी घुबड करतात, म्हणून बांधावरची ढोलीची झाडे आम्ही तोडत नाही. घुबड अशुभ मानून मारणाऱ्यांशी मी आजही भांडते.

उत्तर : कॉलेज रोडच्या निवृत्त शिक्षिका

वयाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. मी सत्तरी ओलांडली आहे. वयाबरोबर कान आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज गमावतात. शिंजीर आणि फुलटोच्या यांचे आवाज मला आता जवळजवळ ऐकू येत नाहीत, पण तांबटाची टुकटुक, भारद्वाजाचा घुमणारा हुंकार आणि पावश्याची हाक स्पष्ट ऐकू येते. याचे वाईट वाटत नाही असे मी म्हणणार नाही. तरी मी त्यावर उपाय केला आहे. माझी नात सोबत असते, ती आवाजाची दिशा सांगते आणि मी पक्षी ओळखून देते. आपल्या मुलीचे कान आजच तयार करा, सर.

दुर्बिणीविषयी एक सूचना. दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण हाताच्या कंपाने अधिक हलते. मी आठपट आणि बत्तीस मिलिमीटर भिंगाची हलकी दुर्बीण वापरते. बत्तीसला आठने भागले की चार येतात, म्हणजे डोळ्याकडे चार मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत येतो. वाढत्या वयात बाहुली फारशी विस्फारत नाही, त्यामुळे जड आणि मोठ्या भिंगाचा मला वेगळा लाभ होत नाही.

गुडघ्यांमुळे फिरणे थांबले तेव्हा मी आमच्या सोसायटीतील एक उंबर निवडला. उंबर फळाला आला की तांबट, हळद्या, कोकीळ आणि एखाद्या वेळी राखी धनेशाची जोडीसुद्धा येते. आपला राज्यपक्षी हरियाल मी प्रथम त्याच झाडावर निवांत पाहिला. पानांच्या रंगात तो इतका मिसळतो की फळ खाली पडल्यावरच त्याची जागा कळते. झाडावर कोण आधी येतो, कोण कोणाला हुसकावतो, कच्चे फळ कोण खातो, हे पाहण्यात माझी सकाळ जाते आणि ती कधीच पुरत नाही.

उत्तर : सातपूरचा निरीक्षक

मी वयाने सगळ्यांत लहान असेन, तरी नम्रपणे थोडा मतभेद मांडतो. यादी करण्याला येथे जरा कमी लेखले गेले, असे मला वाटले. मी अंबडच्या एका कारखान्यात पाळीत काम करतो. पाळी सुटल्यावर पंधरा मिनिटे गंगापूर धरणाच्या रस्त्याला थांबतो आणि त्या पंधरा मिनिटांत दिसलेले सर्व पक्षी, संख्येसह, ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवतो. नवा पक्षी क्वचितच असतो, पण ती नोंद वाया जात नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात ९४२ जातींचा अभ्यास आहे, आणि तो देशभरातील सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या अशाच साध्या याद्यांवर उभा आहे.

त्या अहवालानुसार मोर आणि कोकीळ वाढले आहेत, तर नीलपंख इतका घटला आहे की तो जगात किती धोक्यात आहे या दर्जाचा फेरविचार व्हावा अशी शिफारस करण्यात आली आहे. सरांनी ज्या थापट्या आणि तलवार बदकापासून यादी सुरू केली, तीही घटणाऱ्यांत आहेत. नेहमीच्या पक्ष्यांच्या याद्या कोणी केल्या नसत्या तर हे कळले नसते. 'तेच बुलबुल' लिहिणे म्हणूनच महत्त्वाचे आहे, आणि जुन्या वह्यांतील नोंदीही त्या त्या तारखेने तेथे भरता येतात. गोदाकाठ काकांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या वह्या भरण्याचे मनावर घ्यावे. टंकलेखनाचे काम मी आनंदाने करेन.

उत्तर : त्र्यंबक रस्ता

माझा अनुभव सुखाचा नाही, परंतु याच छंदाचा आहे. लहानपणी मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की तासाभरात गिधाडे उतरत. त्यांना कोणी पाहायला जात नसे, कारण ती सर्वत्र होती. नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी झाली आणि आमच्यापैकी कोणाजवळही पूर्वी ती किती होती याची नोंद नव्हती. १९९२ ते २००७ या काळात देशात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत शरीरात राहते आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, हे संशोधनातून सिद्ध झाल्यावर २००६ साली पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक यांवरही तशी बंदी आली. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे, आणि आमच्या भागातील पशुपालकांना मी प्रत्येक भेटीत त्याचेच नाव सांगतो.

अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे अजून घरटी करतात. जोडी वर्षाला एकच अंडे घालते, म्हणून एका पिलाचे उडणे ही मोठी घटना असते. हरसूलजवळच्या खोरीपाड्यात वनविभाग आणि ग्रामस्थ मिळून गिधाडांसाठी मृत जनावरे ठेवण्याची जागा चालवतात. मी हिवाळ्यात कड्याखाली लांब अंतरावर बसून कोणत्या कपारीत जोडी आहे ते लिहितो. ड्रोन उडवणे किंवा घरट्याचे छायाचित्र घेण्यासाठी कड्याच्या टोकाशी जाणे मला अजिबात मान्य नाही. आपण बसला आहात हे पक्ष्याला जाणवले, तर आपण फार जवळ बसला आहात.

आणखी एक काम संक्रांतीच्या आसपास असते. नायलॉन मांजावर बंदी असूनही तो वापरला जातो आणि झाडांत, तारांत अडकलेल्या मांजाने घारी, बगळे, घुबडे जायबंदी होतात. आमच्या गल्लीत आम्ही सण संपल्यावर उंच बांबूला आकडा लावून झाडांवरचा मांजा काढतो. शाळकरी मुले या कामात सर्वांत उत्साही असतात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : इंदिरानगरवासी

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी नेहरू वनोद्यान हीच माझी जागा ठरवली आहे आणि कॉलेज रोडच्या शिक्षिका ताईंप्रमाणे घराजवळचे एक झाडही. उन्हाळ्याच्या तोंडाशी तेथे स्वर्गीय नर्तक दिसतो, पण तो कधी येतो आणि कधी जातो हे मला सांगता येत नाही, असे आपली उत्तरे वाचताना लक्षात आले. यंदा ते लिहीन. मुलीने मात्र वेगळाच प्रश्न विचारला आहे. पाण्यावर हजारो बदके असतात तर ती मोजतात कशी, आणि तिला मोजता येतील का?

उत्तर : गोदाकाठ

तिला नक्की मोजता येतील. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि नांदूरमध्यमेश्वरलाही त्या सुमारास मोजणी असते. तिच्यासाठी पद्धत अशी : प्रथम थव्याच्या एका कडेला दहा बदके एकेक करून मोजायची. ती दहा डोळ्यांत बसली की तेवढ्याच आकाराचे गट पुढे मोजत जायचे, आणि थवा मोठा असेल तर दहाऐवजी पन्नासचा गट धरायचा. एकच थवा दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचा आणि आकडे नंतर सांगायचे. फार तफावत आली तर पुन्हा मोजायचे. थवा उडाला तर उडताना मोजण्याचा हट्ट धरायचा नाही, तो बसू द्यायचा.

पहिल्या खेपेला तिला एकच जात द्या. वारकरी उत्तम, कारण काळे अंग आणि पांढरे कपाळ लांबूनही चुकत नाही. उन्हाकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे रंग दिसतील. चापडगावच्या बाजूने सूर्योदयाच्या सुमारास पोहोचलात तर वारा नसतो आणि पाणी स्थिर असते. गडद रंगाचे कपडे, कानटोपी आणि पेन्सिल आणा, कारण पेनाची शाई दवाने फुटते. सातपूरचे मित्र येणार असतील तर माझ्या वह्या मी सोबत घेऊन येतो.